लाकडी बैलाच्या आसाची निविदा

विषय : लाकडी बैलाच्या पुढील चाकांचा आस नव्याने तयार करणेबाबत.

एवढं लिहून अण्णाजी झाड्यांनी खाली पट्टीने दोन रेघा मारल्या, फाइलीला हिरवी नाडी बांधली आणि मगच ते चहाला उठले. काम सुरू झालं. लोखंडाला अजून हात लागलेला नव्हता, पण जिल्ह्याच्या एका कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या लेखी काम सुरू होतं ते नाडी बांधल्यावर. लोखंड वगैरे नंतर येतं. कधी कधी येतही नाही.

पोळ्याला सव्वीस दिवस होते.

आता बैल. अण्णाजींच्या पत्नी मंदाबाईंच्या माहेरी, सिंदी रेल्वे ह्या गावी, एक सागवानी बैल आहे. छातीइतका उंच, चार माणसांनाही न उचलवणारा, खाली चार चाकं. मंदाबाईंचे वडील रामाजी कलोडे यांनी तो लेकीच्या जन्माच्या वर्षी करून घेतला होता. मंदाबाई चालायला शिकल्या त्या त्याच्या शेपटीला धरून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गावातली पोरं आपापले लाकडी बैल ओढत निघतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. कलोड्यांचा बैल पोरांना ओढवत नाही, म्हणून त्याला दोर लावून मोठी माणसं ओढतात आणि बोजारा मात्र पोरं खातात.

गेल्या वर्षी भर बाजारात त्याच्या पुढच्या चाकांचा आस वाकला. एक चाक निसटून पानठेल्याखाली गेलं आणि बैल परीक्षकांच्या मांडवासमोर गुडघ्यावर आला. परीक्षकांना वाटलं, नमस्कार करतो आहे. त्यांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. कलोड्यांना ते जास्त लागलं.

"यंदा जर हा मांडवापर्यंत चालला नाई," मंदाबाईंचा धाकटा भाऊ दुर्गेश जेवताना म्हणाला, "तं देऊन टाकतो. नागपूरकडचा एक रिसॉर्टवाला मांगून राह्यला. लॉबीत ठेवतो म्हनते. शिंगांले छत्र्या टांगाच्या."

मंदाबाईंनी ताट सरकवलं. त्या काही बोलल्या नाहीत. काही बोलल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण ती शांतता असह्य होऊनच अण्णाजींच्या तोंडून निघालं, "आस मी बनवतो."

चौतीस वर्षांत सासरच्यांनी अण्णाजींना फक्त सातबारा आणि रेशनकार्डाबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

हातांबद्दल थोडं. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात. अण्णाजींनी मिलिंग मशीन घेतलं होतं. टेबलावर मावणारं, हौशी माणसासाठीचं. वर एक कटर फिरतं, खाली लोखंड सरकवायचं, आणि हवा तो आकार काढायचा. नालवाडीतल्या घराच्या मागच्या ओसरीत, मंदाबाईंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ते बसवलेलं होतं. दोन वर्षांत अण्णाजींनी त्यावर एक पेपरवेट काढलं होतं. नंतर, त्याला एकटं वाटू नये म्हणून, आणखी एक.

टिपणी पान १ : "गतवर्षीचा आस मऊ लोखंडाचा असल्याने वाकला. सबब यंदा कठीणात कठीण लोखंड वापरणे उचित राहील. मान्यतेस्तव सादर."

मान्यता देणारेही तेच असल्यामुळे ती लगेच मिळाली. अण्णाजी भंगारवाल्याकडे गेले आणि "तुमच्याकडचं सगळ्यात कडक काय आहे" असं विचारलं. त्याने आधी शेजारी बसलेल्या आपल्या सासऱ्याकडे पाहिलं आणि मग ट्रकच्या मागच्या आसाचा एक तुकडा काढून दिला. हवा तेवढ्या लांबीचा, जणू बैलासाठीच ट्रक मोडला होता. आता दोन्ही टोकांना फक्त एकेक खाच पाडायची, त्या खाचेत लोखंडी चावी, म्हणजे पाचर, ठोकायची, म्हणजे चाक जन्मात निसटणार नाही. दोन खाचा. एवढंच काम.

घरी आल्यावर त्यांनी त्या तुकड्यावर कानस चालवून पाहिली. तुकड्यावर ओरखडा उठला नाही. कानशीचे दात मात्र गेले. अण्णाजी खूश झाले.

"पाहाय मंदा, कानससुद्धा लागून नाई राह्यली."

"मंग तुमचं कटर कसं लागंन?"

हा प्रश्न फाइलीवर घेण्यात आला नाही.

प्रश्न वेगळाच होता: कटर कोणतं आणि ते मिनिटाला किती फेरे फिरवायचं. ह्यासाठी शास्त्र आहे, पुस्तकं आहेत, तक्ते आहेत. पण ज्या माणसाने टाचण्यांची डबीसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतली नाही, तो एकट्या शास्त्राच्या म्हणण्यावर कसा जाईल? शास्त्राने आपलं कोटेशन द्यावं. बाकी दोघांनी त्यांचं द्यावं. ज्याचं कमीत कमी, ते मंजूर. 

पहिलं कोटेशन डाव्या बाजूच्या शेजारीण सपना मॅडमचं. त्या तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवतात. त्यांनी गेटवरच, भाजीची पिशवी हातात धरून सांगितलं, "कडक स्टील आहे ना अण्णाजी? मग कार्बाइडचं कटर घ्या, चांगल्यातलं, लेप दिलेलं. दहा मिलिमीटरचं असेल तर सोळाशे फेरे. एका वेळी केसाएवढंच कापा. तेल-पाणी ओतू नका, नुसती हवा मारा. आणि हे सगळं मिळून एक आहे बरं का, ह्यातलं एक घेतलं अन् एक सोडलं असं चालत नाही."

अण्णाजींनी लिहून घेतलं : "सोळाशे."

दुसरं पियुषचं. पियुषचं कोपऱ्यावर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि तो दिवसभर जगातले सगळे व्हिडिओ पाहतो. "तीन हजार, काका. मी एका जपान्याले पाह्यलं, लोनी कापल्यावानी कापून राह्यलाता."

"तो म्हनला का तीन हजार?"

"म्हनत काई नव्हता. म्युझिक होतं. पन समजते ना. कटर मी ऑनलाइन बोलावून देतो, कार्बाइडच, पाचाचा सेट. ह्याच्याहून स्वस्त दुनियेत नाई."

तिसरं फोनचं. पुण्याच्या मुलाने, कार्तिकने, फोनमध्ये काही विचारलं की उत्तर देणारं काहीतरी टाकून दिलं होतं. अण्णाजींनी त्याला "महोदय" अशी सुरुवात करून विचारलं. फोनने उलट विचारलं, कटर कोणतं आहे. अण्णाजींकडे मशीनसोबत आलेलं साधं हायस्पीडचं, म्हणजे नुसत्या पोलादाचं, कटर होतं, ते त्यांनी सांगितलं. फोन म्हणाला, मग अडीचशेच्या वर जाऊ नका, आणि खरं तर ह्या कटरने हे लोखंड कापूच नका, कारण... पुढे दीड पान होतं. विहित मर्यादेपेक्षा मोठं म्हणून अण्णाजींनी ते वाचलं नाही.

चौथं न मागता आलं. केळझरकडचे जंगलू मडावी शेजारच्या दाराची चौकट बसवायला आले होते. त्यांनी तुकडा हातात घेतला, दुसऱ्या लोखंडावर वाजवून पाहिला. "बाबूजी, हे असं कायले कापता? भट्टीत लाल करा, राखेत गाडून ठेवा. दुसऱ्या दिवशी काढा. नरम होते. मंग आरामात खाच पाडा."

"पन फेरे किती?"

"कायचे फेरे?"

सदर कोटेशनमध्ये दर नमूद नसल्याने ते अपात्र ठरवण्यात आले.

आता तुलनात्मक तक्ता. इथेच ती चूक झाली, जी वर्धा जिल्ह्यात फक्त अण्णाजींसारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. दुसरा कोणी असता तर त्याने कुणा एकाचं पूर्ण ऐकलं असतं, किंवा कुणाचंच नसतं. अण्णाजींनी दोन स्वतंत्र बाबी केल्या. बाब एक, फेरे : कमीत कमी फोनचे, अडीचशे. मंजूर. फेरे कमी म्हणजे वीज कमी, कुठल्याही लेखापरीक्षकाला पटलं असतं. बाब दोन, कटर : कमीत कमी पियुषचं. मंजूर. अशा रीतीने एकाचा वेग आणि दुसऱ्याचं हत्यार, ज्यांचा एकमेकांशी जन्मात संबंध आला नव्हता, ते दोघे सरकारी पद्धतीने एकत्र आले. सोळा दिवस उरले होते.

मंगळवारी सकाळी दहाला शुभारंभ. अण्णाजींनी स्कूटरचं हेल्मेट घातलं, मशीनला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळ एका फटक्यात फुटला. कटर दुसऱ्या.

त्याचा एक तुकडा मंदाबाईंच्या विरजणात सापडला. अण्णाजींनी तो पुसून, पुराव्यादाखल, फाइलीला टाचणी मारून लावला. पाचाचा सेट होता, त्यामुळे हे पाच वेळा करता आलं. शिलाई मशीनचं टेबल दर वेळी थरथरत भिंतीकडे सरके आणि कटर किंचाळे. लोखंडावर एक बारीक चकाकी आली होती. अण्णाजींनी तिला "प्रगती" असं नाव दिलं.

"झाडेभाऊ," उजवीकडच्या शकुंतलाबाईंनी भिंतीवरून मान काढली, "घरात कोन कोनाले मारून राह्यलं जी?"

"काम चालू आहे, वहिनी."

"तीन दिवस झाले मारून राह्यले. मेलं नाई काय अजून?"

त्यांनी तक्रार केली असं अण्णाजींचं आजही म्हणणं आहे. शकुंतलाबाईंचं म्हणणं, तक्रार कायले करन, मी तं फक्त फोनवर बोलली. काही असो, शुक्रवारी वीज कचेरीतला एक माणूस कागद घेऊन आला: घरगुती मीटरवर कारखाना चालवत असल्याबाबत खुलासा. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी अण्णाजींना जावक क्रमांक असलेलं पत्र दिलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि तीन प्रतींत उत्तर लिहिलं : "सदर ठिकाणी कोणतेही उत्पादन होत नाही. आजपावेतो काहीही उत्पादित झालेले नाही."

माणूस उठून ओसरीत गेला. त्याने पाच मोडकी कटरं पाहिली, लोखंड पाहिलं, हेल्मेट पाहिलं.

"हे तं खरं आहे," तो म्हणाला आणि त्याने प्रत स्वीकारली. गेटपर्यंत जाऊन परत आला. "साहेब, चारशेवर ठेवून पाहा."

फेरनिविदा. कमी दराने काम निकृष्ट झालं, की पुढच्या वेळी जास्त दर मंजूर करायचा, हीसुद्धा एक पद्धत आहे. त्याप्रमाणे ह्या खेपेला फेरे पियुषचे घेतले, तीन हजार. कार्बाइडची कटरं संपलेली, म्हणून कटर घरचं, हायस्पीडचं, ज्याच्याबद्दल फोनने दीड पान लिहिलं होतं. मंदाबाई पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अण्णाजींनी बटन दाबलं. कटर लोखंडाला टेकलं आणि आधी धूर आला, मग जळका वास, मग ठिणग्या, मग कटर पिवळं पडलं, मग जांभळं, मग निळं, आणि अण्णाजींनी बटनाकडे हात नेला तर बटन इतकं गरम झालं होतं की ते

लाईट गेली.

आपल्या घरचीच नव्हे, पूर्ण गल्लीची. शकुंतलाबाईंची मालिका गेली, पियुषचा जपानी गेला. लोक दारात आले आणि कुणीही कुणाला काही न विचारता सगळ्यांनी झाड्यांच्या घराकडे पाहिलं. माणसाने आयुष्यभर सचोटीने नोकरी करावी आणि शेवटी त्याची ओळख काय व्हावी, तर "ज्यांच्यामुळे लाईट जाते ते."

(दोन तासांनी लाईट आली. कटरच्या धारा झिजून मेणबत्तीसारख्या गोल झाल्या होत्या. लोखंड जसंच्या तसं होतं. नऊ दिवस.)

त्याच संध्याकाळी दुर्गेशचा फोन. "भाऊजी, जमून नाई राह्यलं तं सांगून द्या, लाजाचं काई नाई. रिसॉर्टवाला तान्ह्या पोळ्यालेच टेम्पो घेऊन येतो म्हनते. इकडून तिकडून एकदाचं."

अण्णाजींनी "प्रगतीपथावर आहे" असं सांगून फोन ठेवला. मंदाबाई पोळपाट पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

"बाबांनं त्याच्या पोटाखाली माह्यं नाव कोरलं आहे," त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम नसंन. छत्र्या टांगनाऱ्यालेही नाई दिसाचं."

मग त्या चपला घालून, फाइलीला न विचारता, सरळ सपना मॅडमकडे गेल्या.

मॅडम आल्या. तुलनात्मक तक्ता त्यांनी वरून खालपर्यंत वाचला, मग खालून वर. चष्मा काढला. "अण्णाजी, तुम्ही तर एकाचं डोकं अन् दुसऱ्याचं धड जोडलं."

"नियमाप्रमाणे आहे, मॅडम."

"हो, ते दिसतंय." त्यांनी आपल्या घरून एक कटर आणलं, कापसात गुंडाळलेलं. मग टेबलाला एका बोटाने धक्का दिला. टेबल हललं, टेबलावरचं मशीन हललं आणि अण्णाजींनाही आतून काहीतरी हललंसं वाटलं. "हे असं नाचलं तर कुठलंच कटर टिकत नाही. ह्याला वजन द्या."

मंदाबाईंचा पाटा टेबलाच्या फळीवर गेला. वरवंटा गेला. गव्हाची दोन पोती गेली. त्या घरात पुढचे चार दिवस चटणी वाटली गेली नाही आणि पोळ्या मोजून झाल्या. सोळाशे फेरे. एका वेळी केसाएवढं. अण्णाजी मशीनचं चाक फिरवत होते, मंदाबाई शेजारी उकिडव्या बसून सायकलच्या पंपाने हवा मारत होत्या आणि कटरखालून लोखंडाची बारीक, चकचकीत पूड उडत होती. किंचाळणं थांबलं होतं. आवाज आता असा येत होता, जसा दुसऱ्या खोलीत कुणी समजूतदार माणूस फोनवर बोलत असावा. शकुंतलाबाई दोनदा भिंतीवरून डोकावून गेल्या. मेल्याची त्यांची खात्री झाली असावी.

पोळ्याच्या तीन दिवस आधी दोन्ही खाचा झाल्या. अण्णाजींनी त्यांतून करंगळी फिरवली. कोपरे काटकोनात, तळ आरशासारखा. आयुष्यात त्यांनी हजारो कामं पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं. पूर्ण झालेलं काम हाताला कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. अडचण एवढीच होती की मंजुरी अडीचशेची होती आणि काम सोळाशेने झालं होतं. त्यांनी विशेष बाब म्हणून कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव ठेवला, त्यावर स्वतःच एक आक्षेप काढला, त्याचं उत्तर दिलं, आणि रात्रीच्या जेवणाआधी मंजूर केला.

तान्हा पोळा. सिंदी. सकाळीच आस बसला, चावी ठोकली, चाकं चढली. बैलाच्या अंगावर झूल, गळ्यात घंटा. मंदाबाईंच्या आई आनंदाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी बैलाला ओवाळलं आणि जावयालाही जाता जाता तेच तबक दाखवलं. दोर ताणला. बैल निघाला.

आणि काय निघाला. गेल्या चाळीस वर्षांत कर्रकर्र केल्याशिवाय न हललेला तो प्राणी तेल लावल्यासारखा सरकू लागला. लोक बाजूला होऊन पाहत होते. सगळे बैलाकडे पाहत होते. अण्णाजी एकटे वाकून, त्याच्या पोटाखाली पाहत, पुढच्या चाकाच्या बरोबरीने चालत होते. समोर मांडव. मांडवाच्या अलीकडे टेम्पो, आणि टेम्पोला टेकून पांढऱ्या कपड्यांतला रिसॉर्टवाला.

मांडव तीस पावलांवर आला तेव्हा पुढची चाकं एका चरात गेली. नळाच्या कामासाठी खणलेला चर, वरून माती लोटलेली. कुठल्याही गावात असतो तसा.

गेल्या वर्षीचा आस असता तर वाकला असता. साधं लोखंड असतं तर थोडं लवलं असतं, थोडं सोसलं असतं, दहा माणसांनी रेटून बैलाला बाहेर काढलं असतं. हा आस लवला नाही. त्याला कुणी लवायला शिकवलंच नव्हतं. दोरावर वीस माणसांचा जोर, खाली न वाकणारं लोखंड. मग मधे जे होतं ते मोडलं. बैलाचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यातून काडकन गेले, बैल नाकावर आला, आणि एक शिंग मातीत रुतून तुटलं. आस मात्र आपल्या दोन्ही चाकांसकट चरातून उसळून मोकळा झाला, उतारावरून एकटाच गडगडत गेला, आणि परीक्षकांच्या टेबलासमोर जाऊन थांबला.

अटीप्रमाणे आस मांडवापर्यंत पोचला होता. बैल नाही.

परीक्षकांनी आसाकडे पाहिलं. कुणीतरी त्याला हार घातला.

मंदाबाई गर्दीतून पुढे आल्या आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अण्णाजींना त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून ते चराकडे पाहत राहिले. रिसॉर्टवाल्याने बैलाभोवती एक चक्कर मारली, मोडक्या गुडघ्यावर टिचकी मारली, शिंग उचलून परत ठेवलं.

"ये तो टूट गया भाईसाहब," तो दुर्गेशला म्हणाला. "लॉबी में लंगडा बैल कैसे रखूँ? मेहमान आते हैं."

टेम्पो रिकामा गेला.

बैल ठेल्यावर घालून घरी आणला, अंगणात टेकवला. आणि मग हळूहळू, अण्णाजींच्या कानावर एक विचित्र गोष्ट येऊ लागली. ओसरीवरचे लोक बोलत होते. एक म्हणाला, बाप्पा, एवढा कडक आस लाकडाखाली कोन टाकते, काई तरी डोकं असंन. दुसरा म्हणाला, बैल मोडला म्हनून तं वाचला. आनंदाबाईंनी पुरणपोळीवर तुपाची दुसरी धार सोडली. "जवाईबापू," त्या म्हणाल्या, "एवढे वर्षं आमाले वाटे, तुमाले कागदापलीकडचं काई समजत नाई."

दुर्गेश पाट सरकवून समोर बसला. आवाज खाली आणला.

"भाऊजी, एक खरं सांगा. अपघात असंन तं तसं म्हना, काई हरकत नाई. पाय जोडून घेतो, शिंग बसवतो, दिवाळीपर्यंत त्याले पुन्हा बोलावतो. पन ताईसाठी मुद्दाम केलं असंन तं..." त्याने अंगणातल्या बैलाकडे पाहिलं. "तं मंग मले समजलं. मंग बैल कुठी जात नाई. मी पुन्हा विषय काढनार नाई."

अण्णाजींच्या तोंडाशी सगळं आलं होतं. खाचेचा कोपरा काटकोनात आहे, हे. सोळाशे फेरे, केसाएवढं, चार दिवस. चर नळवाल्यांचा होता. गुडघ्याचं लाकूड जुनं होतं. आसात दोष काढून दाखवावा कुणीही. चौतीस वर्षांत ह्या घरात त्यांनी पहिल्यांदा हाताने काहीतरी केलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं, आणि ते सांगायला तोंडात फक्त पुरणपोळी होती.

मंदाबाई वाढायला आल्या होत्या. त्यांनी वाढलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

कोपऱ्यात, तुळशीजवळ, आस टेकवून ठेवला होता. हार अजून त्याच्यावरच होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"मुद्दामच केलं," अण्णाजी म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरंच खोटं लिहिलं होतं, पण ते सगळं वाईट काम चांगलं दाखवायला. स्वतःचं चांगलं काम वाईट दाखवणारं हे पहिलंच. आणि ते तोंडी असल्यामुळे फाइलीवर त्याची नोंद नाही.